तीन महिन्यांचे भाडे आणि बागेतले पीक

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी इंग्रजी साहित्य शिकवतो. काही वर्षांपूर्वी मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' वर्गात वाचत होतो. माझी टिपणे तयार होती : विज्ञानाचा अहंकार, निसर्गाच्या कामात माणसाची ढवळाढवळ, निर्मात्यावर उलटलेली निर्मिती. वर्ग संपत आला तेव्हा मोताळ्याकडच्या एका मुलीने विचारले, "सर, मंग त्या बागेतलं पीक कोनं काढलं?" वर्ग हसला, मीही हसलो. घरी येऊन ते पान पुन्हा काढले आणि हसू मावळले. हा लेख त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

प्रश्न कुठून आला ते आधी सांगतो. ही कादंबरी १८१८ साली लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा तरुण जवळजवळ दोन वर्षे खपून मृत अवयवांतून एक जीव उभा करतो. त्या जीवाने डोळे उघडताच त्याला किळस येते आणि तो खोलीतून पळ काढतो. टाकून दिलेला तो जीव भटकत भटकत जर्मनीतल्या एका जंगलालगतच्या झोपडीशेजारी लपून राहतो. झोपडीत द लासी नावाचे कुटुंब आहे : आंधळा म्हातारा बाप, मुलगा फेलिक्स, मुलगी अगाथा. परिस्थितीने गरीब झालेली, बागेतल्या भाजीपाल्यावर आणि अंगमेहनतीवर जगणारी ही माणसे. तो जीव रात्री त्यांच्यासाठी लाकडे गोळा करतो, वाटेवरचे बर्फ बाजूला करतो, भिंतीच्या फटीतून त्यांचे बोलणे ऐकून भाषा शिकतो. एके दिवशी धीर करून तो समोर जातो. फेलिक्स त्याला मारून हाकलतो, आणि भेदरलेले कुटुंब घर सोडून जाते. फेलिक्स झोपडीचा ताबा सोडायला येतो तेव्हा सोबतचा माणूस त्याला भान देतो, की असे निघालात तर तीन महिन्यांचे भाडे भरावे लागेल आणि बागेतले पीकही हातचे जाईल. फेलिक्सला ते कबूल आहे. त्याला फक्त तिथून निघायचे आहे.

एवढेच. एका वाक्याचा हिशेब आहे आणि कादंबरी पुढे सरकते.

'फ्रँकेन्स्टाइन'वरची आपली टीका साधारण दोन वाटांनी जाते. पहिली वाट महत्त्वाकांक्षेला दोषी धरते : माणसाने देवाच्या कामात हात घालू नये. दुसरी वाट मला अधिक खरी वाटत आली. व्हिक्टरचा दोष जीव घडवण्यात नाही, घडवल्यावर त्याला टाकून देण्यात आहे. हिमनदीवर भेटल्यावर तो जीवही हेच सांगतो : तू तुझे कर्तव्य कर, मी माझे करीन. पण दुसऱ्या वाटेनेही आपण बाप आणि लेकरू या जोडीपलीकडे जात नाही. द लासी कुटुंबाचा या निर्मितीशी काही संबंध नव्हता. त्यांनी स्वप्न पाहिले नाही, प्रयोग केला नाही, त्यातून एक पैशाचा लाभ घेतला नाही. तरी भाडे त्यांनी भरले आणि पीक त्यांचे बुडाले. ही सगळी हकीगत तो जीव व्हिक्टरला स्वतःच्या तोंडाने सांगतो. व्हिक्टर पुढे मरेपर्यंत खूप बोलतो, पण द लासींचे आपण काही देणे लागतो असे त्याच्या मनात एकदाही येत नाही. शेवटी मागे वळून पाहताना तर त्याला स्वतःचे वागणे फारसे दोषास्पदही वाटत नाही.

मराठीत आपण अशा निर्मितीला भस्मासुर म्हणतो. अणुबॉम्बपासून मोबाइलपर्यंत हा शब्द आपण सढळ हाताने वापरतो. पण त्या कथेत वर कोणी दिला हे आपण विसरतो. वर शंकराने दिला, हात डोक्यावर यायची वेळ आली तेव्हा शंकर पळाला आणि निस्तरायला विष्णूला मोहिनी व्हावे लागले. आपली भाषा दोष असुराच्या नावावर टाकते. वर देणारा भोळा ठरून सुटतो. शिवाय भस्मासुर पुराणात तरी आपल्या वरदात्याच्याच मागे लागला. प्रत्यक्षात तो भलत्याच्याच शेतात शिरतो.

शेत म्हटले की आमच्या भागात कापूस आलाच. खामगावची बाजारपेठ कापसावर वाढली. आणि सिंदखेड राजाहून थोडे पुढे गेले की जालना लागते, जिथे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी उभी केली. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने याच कंपनीच्या तीन संकरित बीटी वाणांना परवानगी दिली. भारतात कायदेशीरपणे लावले गेलेले हे पहिले जनुकीय पीक. जमिनीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातले होते, त्यामुळे झाडच बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार करीत होते.

परवानगीला एक अट होती, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा मजकूर तोच आहे. बीटी कपाशीच्या भोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी साधी कपाशी लावायची. म्हणून ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाण्याची पुडी मिळे. त्यामागचे शास्त्र चोख होते. विष पचवणारी एखादी अळी निघणारच. तिच्या पतंगाला साध्या कपाशीवर वाढलेले दुबळे पतंग जोडीला मिळाले, तर पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडेल. मिळाले नाहीत, तर प्रतिकार करणाऱ्यांचीच वीण वाढेल.

आमच्या घरी ती पुडी गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात पडून असे. वडिलांना ती कशासाठी आहे हे कोणी नीट सांगितले नव्हते. मी कॉलेजात होतो, पाकिटावरची बारीक अक्षरे मला वाचता येत होती. मी सांगितले, की ही लावायची असते, म्हणजे अळ्यांना खायला मिळते. वडील माझ्याकडे बघतच राहिले. तीन एकर कोरडवाहू वावर, बियाणे उधारीचे, आणि त्यात अळीसाठी पाच ओळी! त्यांनी पुडी परत कोनाड्यात ठेवली. मीही पुढे काही बोललो नाही. निर्मात्याची सगळी जबाबदारी १२० ग्रॅमच्या त्या पुडीत बांधून आमच्या हाती दिली होती, आणि ती पेलण्याचा खर्च आमच्या वावरातून जायचा होता.

अळी मात्र शास्त्राप्रमाणे वागली. २०१० साली गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीने पहिल्या बीटी जनुकाला दाद देणे सोडल्याचे तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीनेच जाहीर केले. दोन जनुकांचे बियाणे २००६ पासून बाजारात होते. काही वर्षांत तेही अपुरे पडले. यात निव्वळ पुडीचा दोष नव्हता. अमेरिकेसारख्या देशांत हे जनुक सरळ वाणांत आले. आपल्याकडे ते संकरित वाणांत आले, ज्यांचे बी दरवर्षी विकतच घ्यावे लागते. संकरित झाडाला एक जनुक एकाच बाजूने मिळालेले असते, त्यामुळे बोंडातल्या साधारण चारांपैकी एका सरकीत ते उतरत नाही. गुलाबी अळी नेमकी सरकी खाते. म्हणजे विषारी आणि बिनविषारी दाणे एकाच बोंडात, आणि अळीला सराव करायला शाळाच मिळाली. त्यात पाणी असलेल्यांनी फरदड राखली की अळीचा मुक्काम वाढला. २०१७ च्या हंगामात विदर्भात डोमकळ्या दिसू लागल्या, बोंडे फोडली तर आत गुलाबी अळी आणि हाती कवडी कापूस. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

इथे टीकाकाराने सावध राहायला हवे. बीटी म्हणजे निव्वळ फसवणूक, असे म्हणणे खोटे ठरेल. २००२ च्या सुमारास देशात हेक्टरी साधारण ३०० किलो रुई निघे, २००७-०८ पर्यंत ती साडेपाचशेच्या आसपास गेली. त्यात पाणी, खते, नवी कीटकनाशके यांचाही वाटा होता, पण हिरव्या बोंडअळीपासून सुटका झाली हे कोणताही कापूसवाला सांगेल. जून २०१९ मध्ये आमच्या शेजारी, अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील बियाणे जाहीरपणे पेरले. ती विज्ञानाला घाबरलेली माणसे नव्हती. त्यांना नवे हवे होते. म्हणून महत्त्वाकांक्षेला वेसण घाला, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. प्रश्न असा आहे, की प्रयोग फसला तर बागेतले पीक कोणाचे बुडणार हे आधी ठरते का, आणि ज्याचे बुडणार त्याला ठरवताना विचारले जाते का?

आपल्या साहित्याने हा प्रश्न कितपत हाताळला? जयंत नारळीकरांनी 'वामन परत न आला' या कादंबरीत बुद्धिमान यंत्रमानवाला स्वतःसारखे आणखी घडवण्याची ओढ लावली आणि धोका अचूक जागी दाखवला. व्हिक्टरही याच भीतीने अर्धवट घडवलेली मादी फाडून टाकतो. दोघांनाही कळले होते, की निर्मितीवरचा ताबा तिच्या पुनरुत्पादनाच्या क्षणी सुटतो. पण नारळीकरांचे नाट्य मुख्यतः जाणकारांच्या वर्तुळात घडते. याच्या दुसऱ्या टोकाला आमच्याच जिल्ह्याचे सदानंद देशमुख उभे आहेत. बीटीला परवानगी मिळाली त्याच २००२ साली त्यांची 'बारोमास' आली, आणि २००४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकूनही नोकरी न मिळालेला, शेतीत अडकलेला एकनाथ, घर सोडून जाणारी अलका, पैशांपुढे उसवत जाणारे कुटुंब : हे आमचे द लासी आहेत. त्यांच्या झोपडीचा इतका बारीक हिशेब मराठीत क्वचितच कोणी मांडला असेल.

म्हणजे आपली विज्ञानकथा प्रयोगशाळेच्या दारापर्यंत येते आणि ग्रामीण कादंबरी वावराच्या धुऱ्यापासून सुरू होते. या दोहोंमधला रस्ता, जिथून ती पुडी आली, आपल्या साहित्यात बहुतांशी मोकळाच आहे. त्या रस्त्यावर मंजुरीच्या बैठका आहेत, कृषी सेवा केंद्राचा काउंटर आहे, उधारीची वही आहे आणि न वाचलेली बारीक अक्षरे आहेत. खलनायक शोधायला गेलो तर तिथे कोणी सापडणार नाही. प्रत्येकाने आपले काम केलेले असेल. म्हणूनच त्या जागेला कादंबरीकार हवा.

शेलीच्या कादंबरीत एक माणूस वेगळे वागतो. उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन व्हिक्टरइतकाच महत्त्वाकांक्षी आहे. जहाज बर्फात अडकल्यावर खलाशी त्याला म्हणतात, वाट मोकळी झाली तर परत फिरायचे. व्हिक्टर त्या खलाशांना भेकड ठरवतो. वॉल्टन कष्टी होतो, पण जहाज वळवतो. त्याला शहाणपण सुचले असे कादंबरी म्हणत नाही. ज्यांचे जीव पणाला लागले होते ते त्याच जहाजावर होते आणि त्यांना नाही म्हणता येत होते, एवढेच. द लासींना ती सोय नव्हती. वडिलांनाही नव्हती.

पुढे नॉन-बीटी बी पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली. जे शेतकऱ्याच्या इमानावर सोडले होते ते पाकिटानेच सांभाळावे, ही समज चांगलीच आहे. ती पहिल्या वर्षी यायला हवी होती.

आता ती कादंबरी शिकवताना मी द लासींच्या पानावर थांबतो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. झोपडी तर त्या जीवानेच रागाच्या भरात जाळली, आणि जाळण्याआधी बागेतले सारे उभे पीक उपटून टाकले. ते कोणीच काढले नाही.