वंशावळींतील सापत्न चुलत नातें

आपल्याकडील बहुतेक छापील वंशावळींत पुरुषांचींच नांवें असतात. हा दोष किरकोळ नव्हे. भोसले कुळाचेंच उदाहरण घेऊं. सातारचे शाहू व कोल्हापूरचे संभाजी हे चुलतबंधू, एवढेंच अशा वंशावळीवरून कळतें. परंतु शाहूंचे पिते संभाजी हे सईबाईंचे पुत्र, तर कोल्हापूरकरांचे पिते राजाराम हे सोयराबाईंचे. म्हणजे आजोबा एक, आजी भिन्न. अशांस सख्खे चुलतबंधू म्हणणें चूक होय. ते सापत्न चुलतबंधू. १६८० सालीं सोयराबाईंच्या पक्षानें राजारामांस गादीवर कां बसविलें, हें मातेचें नांव गाळल्यास उमगत नाहीं. कोल्हापुरांतही दुसरे शिवाजी ताराबाईंचे व संभाजी राजसबाईंचे पुत्र. १७१४ चें तेथील सत्तांतर ह्या भेदावांचून समजत नाहीं. मात्र सापत्नपणा म्हणजेच वैर, असें आम्ही म्हणत नाहीं. १६८९ सालीं येसूबाईंनीं आपल्या सापत्न दिरासच राज्य राखण्यास पुढें केलें. तेव्हां वंशावळ छापणारांनीं प्रत्येक पुत्रापुढें मातेचें नांव द्यावें. तें न मिळाल्यास जागा कोरी ठेवावी, परंतु ‘सख्खा’ हा शब्द केवळ तर्कानें लिहूं नये.