राजूच्या गोष्टीत मर्जिना कुठे आहे?

आज आम्ही एका पुस्तिकेबद्दल बोलणार आहोत. ती फुकट मिळते, सचित्र आहे, एका बैठकीत वाचून होते आणि तरीही समीक्षकांच्या वाटेला ती सहसा येत नाही. नाव आहे 'राजू आणि चाळीस चोर'. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाने २०२२ साली ती काढली. पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीचे चाळीस प्रकार, चाळीस छोट्या गोष्टी, आणि फसणारा एकच, राजू.

सरकारी पुस्तिकेची कसली समीक्षा करता, असं कुणी विचारेल. कादंबरी फसली तर वाचकाच्या दोन दुपारी वाया जातात. असा मजकूर फसला तर एखाद्याची निवृत्तीची पुंजी जाते. म्हणून तो कादंबरीपेक्षा जरा कडकपणे वाचायला हवा, असं आमचं मत आहे.

आधी चांगलं ते बोलून घेऊ, कारण ते खरोखर चांगलं आहे. राजू कधी शेतकरी असतो, कधी ज्येष्ठ नागरिक, कधी शेजारचा चलाख तरुण. अडाणी तेवढा फसतो, हा आपल्या शिकलेल्या मंडळींचा लाडका गैरसमज पुस्तिकेने सुरुवातीलाच बाजूला सारला आहे. लॉटरीचा निरोप, क्यूआर कोड, इंटरनेटवर शोधून काढलेला कस्टमर केअरचा खोटा नंबर, मित्राच्या नावाने उघडलेलं खोटं सोशल मीडिया खातं, सिमकार्डची अदलाबदल... चोर नेमकं काय करतो हे गोष्टीतून कळतं. 'आपला पासवर्ड कोणालाही सांगू नये' अशा कोरड्या सूचनांपेक्षा हे केव्हाही बरं. एक कुरकुर मात्र आहे. सगळे चोर सारख्याच उंचीचे दाखवलेत. सार्वजनिक ठिकाणच्या चार्जिंग केबलमधून माहिती चोरली जाण्याची भीती आणि फोनचा स्क्रीन अनोळखी माणसाच्या हाती देण्याची भीती शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर वाचकाने जास्त कशाला घाबरायचं? चाळीस गोष्टींची सारखीच भीती बाळगणारा माणूस दोन दिवसांत एकीलाही घाबरेनासा होतो.

पण आमचा मुख्य मुद्दा हा नाही. तो शीर्षकात आहे.

शीर्षक अलीबाबावरून घेतलंय, हे उघड आहे. आता अलीबाबाची गोष्ट जरा आठवून बघा. लहानपणी 'तिळा तिळा दार उघड' म्हणत आपण ती ऐकली. ती मुळातच पासवर्डची गोष्ट आहे, बरं का! चोरांचा परवलीचा शब्द अलीबाबाने झाडावर बसून ऐकला. त्याचा भाऊ कासिम आत गेला, आणि ऐनवेळी तीळ सोडून बाकी सगळी धान्यं त्याला आठवली. पुढे चोरांनी अलीबाबाचं घर हुडकलं आणि दारावर खडूने खूण केली. तेव्हा घर कुणी वाचवलं? अलीबाबाने नाही, त्याला पत्ताही नव्हता. वाचवलं मर्जिनाने, घरात काम करणाऱ्या मुलीने. तिला खूण दिसली. तिने अलीबाबाला उठवून 'मालक, सावध राहा' असा उपदेश केला नाही. खडू घेतला आणि आसपासच्या सगळ्या दारांवर तशीच खूण करून टाकली. चोर आले, गोंधळले, परत गेले.

रिझर्व्ह बँकेने या गोष्टीतले चोर उचलले, भोळा माणूस उचलला. मर्जिना तेवढी मागे राहिली. चाळीस गोष्टींतला उपदेश सगळा राजूलाच आहे: हे कर, ते करू नकोस. ज्या खात्यातून पैसे गेले त्या खात्याची बँक, ज्या खात्यात गेले ती बँक, ज्या कंपनीच्या दुकानातून राजूच्या नावाचं दुसरं सिमकार्ड चोराला मिळालं ती कंपनी, हे सगळे गोष्टीत आहेत खरे, पण रंगमंचावरच्या पडद्यासारखे. सिमकार्डचंच घ्या. नेटवर्क बराच वेळ गेलं तर लगेच कंपनीला विचारा, असा सल्ला राजूला दिला जातो. सल्ला योग्यच आहे. पण ते दुसरं कार्ड राजूने दिलेलं नव्हतं!

मर्जिना आली की काय होतं, याचं ताजं उदाहरण आपल्यासमोर आहे. जुनं कपाट विकायची जाहिरात तुम्ही टाकता. गिऱ्हाईक फोन करतं, 'पैसे पाठवतो, तुम्ही फक्त ओके करून पिन टाका.' तुम्ही पिन टाकता आणि पैसे येण्याऐवजी जातात, कारण आलेली होती ती पैशाची मागणी, यूपीआयच्या भाषेत कलेक्ट रिक्वेस्ट. यावर वर्षानुवर्षं आपल्याला एकच वाक्य ऐकवलं गेलं: पैसे घेताना पिन लागत नाही. पोस्टरवर, एसएमएसमध्ये, बँकेच्या भिंतीवर. वाक्य शंभर टक्के खरं, तरी लोक फसतच राहिले. मग १ ऑक्टोबर २०२५ पासून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद केली. क्यूआर कोडच्या वाटेने चोर अजून येतात, पण ही एक वाट बुजली. ते वाक्य पाठ असो वा नसो, या वाटेने तुमचे पैसे आता जात नाहीत. हा खरा मर्जिनाचा खडू. मग आमचा साधा प्रश्न असा की, सोय बंद करता येत होती, तर इतकी वर्षं आपल्याला वाक्य का पाठ करायला लावलं?

अशी आणखी एकदोन पावलं पडली आहेत. बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते 'बँक डॉट इन' या राखीव नावावर न्यायला रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. बँकांचे सेवेसंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत, असंही ठरलंय. उत्तम. पण याआधी काय परिस्थिती होती? खरी बँक कुठल्याही नंबरवरून फोन करायची, आणि खोटीही. खऱ्या एसएमएसमध्ये लिंक असायची, खोट्यातही. आमच्यातल्या एकांना त्यांच्या बँकेतून खराखुरा फोन आला. पहिलंच वाक्य, 'व्हेरिफिकेशनसाठी जन्मतारीख सांगा.' त्यांनी नाही म्हटलं, तर पलीकडची मुलगी रागावली. सकाळी बँक 'माहिती सांगू नका' असा संदेश पाठवते आणि दुपारी तीच माहिती मागते. ज्यांनी आपल्याला ओळखायला शिकवायचं, त्यांनीच चोराशी मिळताजुळता वेश घातला होता. ह्याला जनजागृती कसं म्हणायचं?

आता पैशाची बाजू, कारण इथे भाषा कायद्याला जाऊन भिडते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं होतं. त्याची चौकट थोडक्यात अशी: ग्राहकाच्या संमतीविना पैसे गेले, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, आणि तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवर. इथपर्यंत झकास. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणाने, म्हणजे ओटीपी किंवा पिन दुसऱ्याला दिल्याने नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. आता या चौकटीत ती पोस्टर ठेवून वाचा. 'आम्ही तुम्हाला सांगितलं होतं' हे वाक्य त्यांच्यावर न छापताही दिसायला लागतं. लिहिणाऱ्यांचा हेतू तसा असेल असं आम्ही म्हणत नाही. मजकुराचा उपयोग तसा होऊ शकतो, एवढंच.

न्यायालयांनी मात्र गोष्ट इतकी एकेरी मानलेली नाही. गुवाहाटी उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात ग्राहकाचे ९४ हजारांहून अधिक रुपये गेले होते. कपड्यांच्या परताव्याच्या नावाने आलेल्या फोनवर विश्वास ठेवून त्याने एक ॲप उतरवून घेतलं होतं. त्याने लगेच, चोवीस तासांच्या आत कळवलं. न्यायालयाने स्टेट बँकेला जबाबदार धरलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात ढवळाढवळ करायला नकार दिला. ग्राहकांनीही ओटीपीबाबत दक्ष राहावं, हेही त्याच वेळी सांगितलं. दोन्ही वाक्यं एकत्र उच्चारता येतात, हे यातून दिसतं. पुस्तिकांना आणि पोस्टरांना ते का जमू नये?

सोशल मीडियाबद्दल थोडं बोलू, कारण दारावरची खूण बरेचदा आपणच करतो. नवी गाडी आली की नंबरप्लेटसकट फोटो. नातवाचा शाळेच्या गणवेशातला फोटो, खाली शाळेचं नाव. 'आठ दिवस केरळ' असं विमानतळावरून जाहीर. चोराला फोनवर विश्वास मिळवायला एवढं पुरतं. पण यातही आम्ही सगळा दोष वापरणाऱ्याच्या पदरात टाकणार नाही. अकाउंट सार्वजनिक ठेवणं सोपं आणि खाजगी करणं चार पडद्यांच्या आत, ही रचना काही आजोबांनी केलेली नाही.

आणि ते 'सावधान! सर्व ग्रुपवर पाठवा' वाले संदेश! व्हॉट्सॲपवर लाल टिक आली म्हणजे सरकार तुमचा संदेश वाचतंय, असा एक संदेश कितीदा फिरला असेल. तो निखालस खोटा. पण त्याची घडण बघा: भीती, घाई, अज्ञात अधिकारी आणि 'लगेच पुढे पाठवा'. फसवणुकीच्या फोनची घडण अगदी हीच असते. जागृतीचा निरोप म्हणून आपण जे फॉरवर्ड करतो, त्यातून आपल्या माणसांना याच सुराला हो म्हणायची सवय लागते.

शेवटचा मुद्दा 'डिजिटल अरेस्ट'चा. अशी काही अटक कायद्यात नाही, हे आता बहुतेकांनी ऐकलेलं आहे. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी त्यावर तीन पायऱ्या सांगितल्या, थांबा, विचार करा, कृती करा. त्यानंतर फोन लावला की रिंग वाजण्याआधी सूचना ऐकू यायची, पुढे अमिताभ बच्चन यांच्या आवाजात. लोक एवढे कंटाळले की तो विनोदाचा विषय झाला. आवाज कुणाचा, हे गौण आहे. अडचण 'थांबा' या शब्दात आहे. या फसवणुकीची सगळी कारागिरी माणसाला थांबू न देण्यातच आहे. खोटा गणवेश, खोटं न्यायालय, व्हिडिओ कॉल तासन् तास चालू, 'घरच्यांना सांगितलंत तर त्यांनाही अटक.' ज्या क्षणी थांबायचं, तो क्षणच चोराने आधी काढून घेतलेला असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याची स्वतःहून दखल घेतली, १ डिसेंबरला तपास सीबीआयकडे सोपवला, आणि चोरीचे पैसे ज्या भाड्याच्या खात्यांतून फिरतात ती खाती हुडकायला तंत्रज्ञान का वापरत नाही, याबद्दल रिझर्व्ह बँकेकडे विचारणा केली. प्रश्न पहिल्यांदाच राजूच्या घराबाहेर विचारला गेला.

कारण या फसवणुकीतली मोठी रक्कम कित्येकदा फोनवरून जात नाही. माणूस कपडे करून शाखेत जातो, मुदतठेवी मोडतो, आरटीजीएसचा फॉर्म भरतो. खिशात फोन चालूच असतो, पलीकडचा ऐकत असतो. काउंटरपलीकडे बसलेल्या व्यक्तीला मात्र कुणी धमकावलेलं नाही. तिच्याकडे वेळ आहे, खात्याचा वीस वर्षांचा इतिहास समोर आहे, आणि १९३० हा हेल्पलाइन क्रमांक तिला माहीत आहे. शाखेतल्या कर्मचाऱ्यांनी असा माणूस ओळखून व्यवहार रोखल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. बहुतेकदा सुरुवात एका साध्या प्रश्नाने झालेली असते: 'काका, सगळ्या ठेवी आजच का मोडताय?' काका उत्तर देत नाहीत, खिशाकडे बघतात. मग ती कागद पुढे सरकवते आणि त्यावर लिहून विचारते.

आता तुमचे प्रश्न घेऊ.