फाळके यांचा नकार आणि वत्सगुल्माची कथा

दिग्दर्शकाने नाकारलेल्या चित्रपटाविषयी समीक्षेने बोलावे काय? संहिता नाही, दृश्य नाही. हाती उरते ते केवळ 'झाले असते तर', आणि त्यावर गप्पा रंगतात, समीक्षा उभी राहत नाही. मात्र नकार हीही एक निवड असते. कलावंत आपले माध्यम कशाशी बांधलेले मानतो, हे तिच्यातून वाचता येते. दादासाहेब फाळके यांचा 1914 मधील नकार या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

त्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र', 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' हे चित्रपट घेऊन फाळके लंडनला गेले. ते पाहून सेसिल हेपवर्थ यांनी प्रस्ताव ठेवला: इंग्लंडमध्येच राहून भारतीय विषयांवर चित्रपट काढावेत, खर्च आपण सोसू. दरमहा 300 पौंड वेतन आणि नफ्यात 20 टक्के वाटा, असे आकडे चरित्रकारांनी नोंदविले आहेत. फाळके यांनी तो स्वीकारला नाही. देशाभिमान म्हणून या नकाराचा गौरव करण्याची प्रथा आहे. 'नवयुग'मधील त्यांची लेखमाला पाहता ती निराधार नाही. अपुरी मात्र आहे.

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'तील आख्यान येथे उपयोगी पडते. काव्यपुरुष रुसून निघतो आणि उमेने निर्मिलेली साहित्यविद्यावधू त्याच्या मागोमाग चारी दिशा फिरते. दिशेगणिक तिचा वेश, विलास आणि वाणी पालटते. प्रवृत्ती, वृत्ती आणि रीती यांचा उगम राजशेखर असा सांगतो. पूर्वेकडे काव्यपुरुष तिला वश होत नाही, दक्षिणेत पूर्णपणे होतो, आणि विदर्भातील वत्सगुल्म नगरात, म्हणजे आजच्या वाशीमला, त्यांचा गांधर्वविवाह लागतो. वधू तीच, वर तोच. स्थान बदलले की संयोग घडतो. (वाशीमकरांनी या कथेचा अभिमान बाळगावा हे खरेच, समीक्षकांनी तिचा वापरही करावा.)

हेपवर्थ यांना विषय हवे होते, आणि विषय बोटीवर चढवून नेता येतात. फाळके यांची रीती मात्र घरातून घडलेली होती. सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडीत, ती धुण्यास हात लावीत आणि मंडळींचा स्वयंपाकही पाहत. 'लंकादहन' (1917) मध्ये अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही. 'कालिया मर्दन' (1919) च्या आरंभीच छोटी मंदाकिनी चेहऱ्यावरचे भाव दाखविते. आधी मुलगी म्हणून, मग कृष्ण म्हणून. ही घरातली पोर आहे हे ठाऊक असूनही तिला हात जोडणारा प्रेक्षक या दृश्याने गृहीत धरला आहे. लंडनमध्ये यंत्रे अधिक चांगली मिळाली असती. हा प्रेक्षक तेथे नव्हता.

परंतु नकाराला केवळ विजय मानणे भाबडेपणाचे होईल. युद्धामुळे भांडवल आटले. 1918 मध्ये 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी'साठी भागीदार घ्यावे लागले, आणि त्यांच्याशी न पटल्याने फाळके काशीला निघून गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. पुढे ते कंपनीत परतले, पण मालक म्हणून नव्हे. त्यांचा अखेरचा चित्रपट 'गंगावतरण' (1937) हा कोल्हापूर सिनेटोनसाठी काढलेला. स्टुडिओही दुसऱ्याचा आणि पैसाही दुसऱ्याचा.