स्मशानातील मूल आणि सात गाथा

बालपणी मनाला झालेल्या जखमा बौद्ध साधनेने भरून काढता येतात, हा विचार गेल्या काही दशकांत पश्चिमेकडील ग्रंथांतून वारंवार मांडला गेला आहे. व्हिएतनामी भिक्षू थिच न्हात हान्ह यांचे ‘रिकन्सिलिएशन : हीलिंग द इनर चाइल्ड’ हे 2010 सालचे पुस्तक या विचाराचे बहुपरिचित उदाहरण होय. अशा ग्रंथांविषयी आपल्याकडील अभ्यासकांची प्रतिक्रिया बहुधा दोन टोकांची असते. काहींना त्यांत निर्वाणाचे औषधालय झालेले दिसते, तर काहींना अडीच हजार वर्षांपूर्वीच्या धर्मात आधुनिक मानसशास्त्र आयतेच सापडल्याचा आनंद होतो. या दोन्ही मतांची परीक्षा एखाद्या प्राचीन कृतीच्या आधारे करून पाहावी, या हेतूने ‘थेरगाथे’तील सोपाक थेराच्या गाथा येथे विचारार्थ घेतल्या आहेत.

सत्तकनिपातातील या गाथा केवळ सात आहेत. त्यांतील वृत्तान्त असा : प्रासादाच्या छायेत चंक्रमण करणाऱ्या बुद्धाला एक बालक पाहतो, वंदन करतो आणि उत्तरीय एका खांद्यावर घेऊन त्याच्या मागोमाग चालू लागतो. बुद्ध त्याला प्रश्न विचारतो. बालक न अडखळता व न भिता उत्तरे देतो. बुद्ध संघासमोर त्याची प्रशंसा करतो, यापुढे आपल्या दर्शनास येत जा असे त्याला सांगतो आणि हीच तुझी उपसंपदा असे जाहीर करतो. बालकाचे वय त्या वेळी सात वर्षांचे असते.

गाथा एवढेच सांगतात. पण धम्मपालाची अट्ठकथा या बालकाचा पूर्ववृत्तान्त देते आणि तो अंगावर काटा आणणारा आहे. जन्मानंतर चार महिन्यांनी सोपाकाचा पिता वारला. चुलत्याने त्याला वाढविले. सातव्या वर्षी, घरातील मुलांच्या भांडणाचे निमित्त होऊन, या चुलत्याने त्याला स्मशानात नेले, त्याचे हात बांधले आणि कोल्ह्यांनी खावे म्हणून त्याला एका प्रेताशी जखडून टाकले. बुद्धाच्या प्रभावाने बंधने तुटून तो गंधकुटीसमोर आला, असे अट्ठकथाकार म्हणतो.

अनुवादकापुढे येथे एक खरी अडचण उभी राहते. ऱ्हीस डेव्हिड्सबाईंनी 1913 साली केलेल्या इंग्रजी भाषांतरात प्रत्येक थेराच्या गाथांपूर्वी अट्ठकथेतील कथा दिली आहे. के. आर. नॉर्मन यांच्या 1969 सालच्या भाषांतरात अशा कथा नाहीत. परिणामी एका पुस्तकातील सोपाक हा मृत्यूच्या दाढेतून सुटलेला मुलगा आहे, तर दुसऱ्यातील सोपाक हा केवळ एक कुशाग्र बालभिक्षू. प्रस्तुत लेखकाने या गाथा मराठीत आणण्याचा प्रयत्न केला तेव्हा प्रथम स्मशानाची कथा प्रस्तावनेत घातली, नंतर काढली, आणि अखेरीस गाथांच्या मागे जोडली. हा केवळ मांडणीचा प्रश्न नव्हे. जखम आधी वाचावयाची की माणूस आधी वाचावयाचा, असा तो प्रश्न आहे.

गाथांमधील मौनाचे दोन अर्थ संभवतात. ज्याविषयी बोलवत नाही ते दडपले गेले आहे, हा पहिला. आधुनिक वाचकाला तो लगेच सुचेल. जे आता बोलण्याची गरज उरली नाही ते मागे पडले आहे, हा दुसरा. गाथा आणि कथा ही एकाच काळची नसल्याने सोपाकाच्या मनाचे निदान करण्याचा अधिकार आपणास नाही. परंतु परंपरेने ही दोन एकत्र ठेवली, आणि त्या संयोगातून एक क्रम स्पष्ट दिसतो. आधी बंधने तुटतात. नंतर मुलाला कोणाच्या तरी मागोमाग निर्भयपणे चालता येते. नंतर त्याला प्रश्न विचारला जातो, म्हणजेच त्याच्या उत्तराला किंमत आहे असे मानले जाते. विसाव्या वर्षाआधी उपसंपदा न देण्याचा संघाचा नियम असता सात वर्षांच्या मुलाला ती मिळते. एवढेच नव्हे, तर त्याला चीवर, अन्न व मान देणाऱ्या अंग-मगधांच्या लोकांना भाग्यवान म्हटले जाते. ज्याला आप्ताने टाकून दिले त्याच्यापुढे आता लोकांनी उठून उभे राहावयाचे आहे.

परंपरा सांगते की सोपाकाला विचारलेले प्रश्न म्हणजे ‘खुद्दकपाठा’तील ‘कुमारपञ्ह’ होत. त्यांतील पहिल्याचे उत्तर असे की सर्व प्राणी आहारावर टिकून आहेत. कोल्ह्यांचा आहार व्हावा म्हणून बांधल्या गेलेल्या मुलाच्या तोंडी हे उत्तर घातले गेले, हा योगायोग असेलही. पण त्याचा वाचकाच्या मनावर होणारा परिणाम विलक्षण आहे. स्मशानातील भयाचे येथे ज्ञान झाले आहे. ते विसरले गेलेले नाही. ते एकट्या सोपाकाचे उरलेले नाही, इतकेच.

‘स्मृती’ या शब्दाचा विचार येथे अपरिहार्य होतो. पाली ‘सति’साठी टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी 1881 साली ‘माइंडफुलनेस’ हा शब्द योजला आणि पुढे तोच जगभर रूढ झाला. त्यात अवधान आले, पण आठवण गळली. मराठीत मात्र ‘स्मृती’ म्हणताच दोन्ही अर्थ ऐकू येतात. ज्याचे बालपण हीच जखम आहे त्याला स्मृतीची साधना सांगणे म्हणजे जखमेवरच बोट ठेवणे होय. प्राचीनांना या धोक्याची जाणीव नव्हती असे नाही. वैशालीच्या भिक्षूंनी अशुभभावनेचा अभ्यास केला, त्यांना स्वतःच्या देहाची किळस आली आणि अनेकांनी जीव दिला, असे विनयात व ‘संयुत्तनिकाया’त नमूद आहे. त्यानंतर बुद्धाने आनापानस्मृती शिकविली. साधनेमुळे अपाय होऊ शकतो हे सांगणारा हा वृत्तान्त परंपरेने लपविला नाही, ही गोष्ट आजच्या उत्साही प्रचारकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मैत्रीभावनेच्या बाबतीतही तोच विवेक दिसतो. ज्या ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन धर्मानंद कोसंबी यांनी केले आणि ज्याच्या आधारे त्यांनी ‘समाधिमार्ग’ मराठीत लिहिला, त्या ग्रंथात मैत्रीचा आरंभ स्वतःपासून करावयास सांगितले आहे. मग प्रिय व्यक्ती, मग उदासीन, आणि शेवटी वैरी. वैऱ्यापासून आरंभ करू नये असे स्पष्ट बजावले आहे. थिच न्हात हान्ह हेही साधकाला प्रथम स्वतःला पाच वर्षांचे मूल म्हणून पाहावयास सांगतात आणि नंतरच आपल्या पित्याला तशाच कोवळ्या वयात पाहावयास सांगतात. या क्रमात ते परंपरेशी एकनिष्ठ आहेत, आणि निर्वाणाचे औषधालय केल्याचा आक्षेप त्यांना लागू पडत नाही. धोका आहे तो घाईचा. दुखावलेल्याने क्षमा केलीच पाहिजे, असा आग्रह धरला की साधना ही चुलत्याची वकिली होऊन बसते. सोपाकाच्या गाथांत चुलत्याला शाप नाही, तशीच क्षमाही नाही. या संयमाचे महत्त्व मला मोठे वाटते.

तथापि, या कथेला आणखी एक बाजू आहे. डॉ. आंबेडकरांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. त्यातही सोपाक आहे. पण तो याच नावाचा दुसरा थेर, मृत समजून स्मशानात नेलेल्या मातेच्या पोटी जन्मलेला. त्याच्या एकमेव गाथेत एकुलत्या मुलावरील वात्सल्य हेच सर्व प्राण्यांशी वागण्याचे माप ठरविले आहे. आंबेडकरांनी त्याची गणना अस्पृश्यांत केली. 1901 साली वडिलांना भेटावयास निघालेल्या ज्या मुलांना मसूर स्थानकावर जातीमुळे गाडीवान मिळेना, दुप्पट भाडे भरून स्वतःच गाडी हाकावी लागली आणि वाटेत कोणी पाणी दिले नाही, त्या मुलांपैकी एकाने पुढे ही निवड केली आहे. बालपणीचा आघात हा नेहमीच एखाद्या घराचा खाजगी प्रश्न नसतो. कधी सारे गावच त्या चुलत्याच्या जागी असते. अशा वेळी एकट्याने डोळे मिटून बसणे पुरे पडत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास लाखोंनी एकत्र येऊन दीक्षा घेतली, तीत धर्मांतराबरोबरच हेही उत्तर होते.

म्हणून प्राचीन ग्रंथांत आधुनिक मानसोपचार शोधणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की सोपाकाच्या कथेत उपचार आहे, पण त्याचा आरंभ ध्यानाने होत नाही. दोर सुटणे, कोणी विचारपूस करणे, आणि उद्याही येण्यास दार उघडे असणे, या तीन गोष्टी तेथे साधनेच्या आधी येतात. त्या ज्याला लाभल्या त्याने स्मशानाविषयी सात गाथांत एक अक्षरही काढले नाही, तरी त्याचे मौन आपणास रिकामे वाटत नाही.