हरित म्हणजे कोणता रंग?

लखनौत पहिला जोराचा पाऊस झाला की कुकरैलच्या जंगलाकडे सखल जागी पाणी साचतं, आणि रातोरात तिथे पिवळेधमक बेडूक दिसू लागतात. पिकल्या लिंबाचा रंग, गळ्याशी दोन निळे फुगे. डराव म्हटलं की फुगे टम्म होतात आणि भोवतालचं पाणी थरथरतं. यंदा ते पाहून घरी आलो आणि ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं १०३वं सूक्त, मंडूकसूक्त, पुन्हा काढलं.

वसिष्ठाच्या नावावरच्या या दहा ऋचांत कुणी बेडूक गाईसारखा हंबरतो, कुणी बोकडासारखा ओरडतो; एक ठिपक्यांचा, एक ‘हरित’. या शब्दापाशी मी अडलो. आपण हरित म्हणजे हिरवा म्हणतो. वेदांतल्या हरितात पिवळाही मावतो. आणि हा बेडूक दोन्ही आहे! एरवी तो शेवाळी, चिखलात नि गवतात दिसायचाच नाही. तीच त्याची ढाल. विणीच्या दिवसांत नर ती टाकून पिवळा होतो. हे त्या एका शब्दाने धरलंय, असं मला वाटतं.

कोलंबियाच्या वर्षावनातही एक सोनपिवळा बेडूक आहे, १९७८ साली शास्त्रज्ञांनी ‘टेरिबिलिस’ म्हणजे भयंकर असं नाव दिलेला. त्याच्या कातडीचं विष एंबेरा लोक फुंकनळीच्या बाणांना लावत. त्याचा पिवळा रंग शत्रूला दूर ठेवतो. विष मात्र त्याला जंगलातल्या बारीक किड्यांमधून मिळतं. पिंजऱ्यात वाढलेल्याकडे रंग असतो, विष नसतं. लखनौच्या नराकडे तर असं विष मुळातच नाही. दिवड आणि बगळे टपलेले असताना तो मादीसाठी उघड्यावर झळकतो. मला त्याचं धाडस फार मोठं वाटतं.

मग त्याचं खरं संरक्षण कशात? ते दुसऱ्या ऋचेत आहे, आणि सूक्तातली सर्वांत सुंदर प्रतिमाही तीच: कोरड्या तळ्यात सुकलेल्या कातडी पखालीसारखा पडलेला बेडूक. उन्हाळाभर तो मातीत गाडून घेतो, हालचाल नाही की आवाज नाही. कवी त्याला वर्षभर व्रत पाळणारा ब्राह्मण म्हणतो. मॅक्स म्युलरला यात पुरोहितांची टिंगल दिसली. मला ते पटत नाही. टिंगल करणारा इतकं वाकून पाहत नाही. कोरडं कातडं या कवीने पाहिलंय, आणि आभाळाचं पाणी पडताच ते कसं भरतं, हलतं, बोलू लागतं, तेही.