चांदीपुरा विषाणू आणि पेशीला मिळालेला मरणाचा निरोप: एक पेपर कसा वाचावा

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या तुम्हा मित्रांना हा विषाणू परका वाटू नये, कारण त्याचं नावच आपल्या विदर्भातलं आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो पुण्याच्या संशोधकांना सापडला. पुढे बरीच वर्षं कुणी त्याला फारसं मनावर घेतलं नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ दगावली. विदर्भातही मुलं गेली. तो पसरवते वाळूमाशी, आणि ती राहते मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याजवळ. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी घरांत.

आज ज्या पेपरबद्दल लिहितोय तो २०१३ चा, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातला. प्रश्न साधा आहे: विषाणू शिरल्यावर चेतापेशी मरते कशी? उत्तर असं की पेशी बाहेरून मिळालेल्या संकेतावर स्वतःला संपवते. पेशीच्या पृष्ठभागावर फॅस नावाचा ग्राही असतो. तो जागा झाला की आत फॅड हे प्रथिन त्याला चिकटतं, फॅड कॅस्पेस-८ ला कामाला लावतं, आणि ते कॅस्पेस-३ ला. कॅस्पेस-३ पेशीची आतली रचना तोडतं.

मला पेपरची सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची. नुसतं 'कॅस्पेस वाढले' एवढ्यावर ते थांबले नाहीत. वाढ दिसणं म्हणजे कारण सापडणं नव्हे. आग लागली की बंब दिसतो, म्हणून आग बंबाने लावली असं होत नाही. त्यांनी फॅडचं प्रमाण मुद्दाम कमी केलं, तर दोन्ही कॅस्पेसची क्रिया आणि पेशींचा मृत्यू, दोन्ही घटले. हा खरा पुरावा.

पण इथेच पेन हातात घ्या. फॅड कमी केल्यावर विषाणूची वाढही घटली असेल, तर पेशी का वाचल्या? संकेत अडला म्हणून, की विषाणूच कमी झाला म्हणून? अशा प्रत्येक पेपरच्या आकृत्या हा प्रश्न घेऊनच बघा.

दुसरं, डिशमध्ये चेतापेशी एकटी असते, मेंदूत नसते. २०२१ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या गटाने मानवी मायक्रोग्लिया पेशींत वेगळी साखळी दाखवली: विषाणूमुळे मायक्रो-आरएनए-२१ वाढतो, तो पीटेन प्रथिन कमी करतो, आणि एनएफ-कप्पा-बी जागा होऊन दाह वाढतो. मग मूल कशाने जातं? चेतापेशींच्या आत्महत्येने, की शेजाऱ्यांनी पेटवलेल्या दाहाने? आंध्रच्या साथीनंतर काही डॉक्टरांनी तर रक्तवाहिन्यांकडे बोट दाखवलं होतं. एक बरोबर म्हणजे बाकीचे चूक, असं नाही. पण औषध कुठे मारायचं हे त्यावर ठरतं.

तिसरी गोष्ट वेळेची. ताप, झटके, बेशुद्धी, आणि अनेकदा एक-दोन दिवसांत सगळं संपतं. आज या विषाणूवर खास औषध नाही, लसही नाही. समजा फॅड अडवणारं औषध मिळालं, तरी जंगलातल्या टोल्यावरून मूल दवाखान्यात पोचेपर्यंत कॅस्पेस-३ काम उरकून बसलेलं असेल.

म्हणून पेपर कमी दर्जाचा ठरत नाही. तो एका कडीचा नेटका पुरावा आहे, पूर्ण साखळीचा नाही. तुमच्या सारांशात 'चांदीपुरा फॅसमुळे मारतो' असं लिहू नका. 'या पेशींत मृत्यूचा मोठा वाटा फॅडमार्गे येतो' असं लिहा. या दोन वाक्यांतलं अंतर म्हणजेच तुमचा पुढचा पीएचडीचा विषय. आणि तोवर भिंतीच्या भेगा लिंपणं हाही उपायच आहे, तो विसरू नका.