पुलावरची दोन वर्षे

मे महिन्यात चार मराठी कुटुंबे जेवायला जमली, की बारावी झालेल्या मुलांच्या कॉलेजांचा विषय हमखास निघतो. बर्कली, अर्बाना, जॉर्जिया टेक ही नावे खणखणीत आवाजात सांगितली जातात. ‘सध्या कम्युनिटी कॉलेजला जातोय, दोन वर्षांनी ट्रान्स्फर करेल’ हे वाक्य मात्र हलक्या आवाजात येते, आणि तेही ‘सध्या’वर जोर देऊन. त्यात विषय तत्त्वज्ञान, कलेचा इतिहास किंवा मातीकाम असले, तर ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर समाचाराला आल्यासारखा भाव उमटतो.

एखाद्या नाटकाचे परीक्षण लिहावे तसे या दोन वर्षांचे परीक्षण करावे, असे बरेच दिवस मनात होते. काय द्यायचे कबूल केले आहे, प्रत्यक्षात काय मिळते आणि प्रयोग कुठे पडतो, एवढेच पाहायचे. उदाहरण कॅलिफोर्नियाचे घेतो, कारण इथली व्यवस्था सर्वांत मोठी आहे आणि मला ती जवळून ठाऊक आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. इलिनॉयमधील जोलिएट येथे 1901 साली या देशातले पहिले सार्वजनिक ज्युनियर कॉलेज सुरू झाले. कॅलिफोर्नियाने 1960 साली उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. गुणवत्तेतले वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, वरचे एक तृतीयांश स्टेट युनिव्हर्सिटीला आणि कम्युनिटी कॉलेजचे दार सर्वांना उघडे, अशी ती वाटणी होती. खालच्या दारातून आत आलेल्याला पुढे वर चढता यावे, हे त्यातले मुख्य वचन. 1984 पर्यंत या कॉलेजांत राज्यातल्या रहिवाशांना शिकवणी फी नव्हती. 2012 पासून ती युनिटला 46 डॉलर्स आहे. म्हणजे सेमिस्टर पद्धतीत 60 युनिटांचे, दोन वर्षांचे, 2,760 डॉलर्स. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची एका वर्षाची फी 14,000 डॉलर्सच्या पुढे आहे.

आता आत काय चालते ते पाहू. मी इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केलेला आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस. काही वर्षांपूर्वी घराजवळच्या अशाच एका कॉलेजात संध्याकाळचा रेखाटनाचा वर्ग केला. शेजारच्या इझलवर रात्रपाळी करणारी एक नर्स होती, पलीकडे निवृत्त बस ड्रायव्हर, बाकी अठरा-एकोणीस वर्षांची मुले. दर पंधरा दिवसांनी सगळ्यांची चित्रे भिंतीवर टाचली जात. बाईंचा नियम असा, की आधी काय दिसते ते सांगायचे, आवडले की नाही ते नंतर. आमच्या कामात एकमेकांचा कोड तपासताना पहिला प्रश्न ‘चालतो का?’ हा असतो आणि बहुधा तोच शेवटचा. इथे पंचवीस माणसे एका रेषेकडे दहा मिनिटे बघत आणि ती तिथे का आहे हे शब्दांत मांडायला धडपडत. मानव्यविद्यांचे शिक्षण म्हणजे काय, हे मला तिथे समजले. आपल्यासारखा विचार न करणाऱ्या माणसांच्या संगतीत एखाद्या गोष्टीकडे थांबून पाहायचे आणि मग आपले मत जबाबदारीने मांडायचे. नामांकित विद्यापीठांत पहिल्या दोन वर्षांचे वर्ग पुष्कळदा शेकडोंचे असतात आणि निबंध तपासतात ते शिकाऊ सहायक. इथे प्राध्यापक स्वतः शिकवतात, कारण शिकवणे हीच त्यांची नोकरी आहे.

या कॉलेजांतून पुढे गेलेल्या मोठ्या माणसांची यादी लांब आहे. भव्य व्यक्तिचित्रे रंगवणारा चक क्लोज एव्हरेटच्या ज्युनियर कॉलेजातून वॉशिंग्टन विद्यापीठात आणि पुढे येलला गेला. क्यूबन स्थलांतरितांचा मुलगा ऑस्कर हिहुएलोस न्यूयॉर्कच्या कम्युनिटी कॉलेजांतून सिटी कॉलेजात गेला आणि 1990 साली कादंबरीसाठी त्याला पुलित्झर मिळाले. टॉम हँक्सने हेवर्डच्या शाबो कॉलेजचे ऋण 2015 साली वर्तमानपत्रात लेख लिहून जाहीर मान्य केले. पण नावांच्या याद्या जाहिरातीतही असतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो जॉर्ज लुकासचा तपशील. मोटारींच्या शर्यतींचे वेड असलेला हा मुलगा मोडेस्टो ज्युनियर कॉलेजात मानववंशशास्त्र, समाजशास्त्र आणि साहित्य शिकला. सिनेमाचे रीतसर शिक्षण नंतर, दुसऱ्या विद्यापीठात झाले. ही दोन वर्षे त्याला पुढच्या वर्गात नेणारी होती, तशीच ती स्वतःही काही देणारी होती.

आणि नेमके हेच व्यवस्थेच्या हिशेबात बसत नाही. ट्रान्स्फर करणाऱ्यांसाठी सामान्य शिक्षणाच्या विषयांची एक सामाईक यादी असते. जुन्या यादीत कला आणि मानव्यविद्या मिळून किमान तीन कोर्स घ्यावे लागत. 2025 च्या शरद सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना जी यादी लागू झाली, तिच्यात ते दोनच उरले आहेत, एक कलेचा आणि एक मानव्यविद्यांचा. स्टेट युनिव्हर्सिटी आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया यांच्या वेगवेगळ्या नियमांत मुलांची युनिटे वाया जात होती. ती वाचावीत म्हणून 2021 च्या कायद्याने एकच यादी करायला लावली. हेतू चांगला होता, पण काटछाट करताना कात्री इथेही फिरली. शिवाय या रकान्यात हात मळवणारे वर्ग सहसा चालत नाहीत. कलेचा इतिहास चालतो, पण ज्याचा भर तंत्रावर आहे असा मातीकामाचा किंवा रेखाटनाचा वर्ग चालत नाही. म्हणजे संगणकशास्त्राकडे निघालेल्या मुलाने मडक्यांविषयी वाचले तर रकाना भरतो, मडके घडवले तर तो रिकामा राहतो.

दुसरा आक्षेप सरावाबद्दल. 2013 पासून, काही अपवाद सोडल्यास, कलेचा तोच वर्ग पुन्हा घेता येत नाही आणि एकमेकांशी निगडित असे चारच वर्ग घेता येतात. मंदीत राज्याची तिजोरी आटली होती, वर्गांत जागा नव्हत्या आणि हौसेखातर वर्षानुवर्षे तोच वर्ग घेणाऱ्यांवर सरकारी पैसा का खर्चावा, असा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. पण उत्तर काढताना कला म्हणजे एकदा पास होऊन मागे टाकायचा विषय, असे गृहीत धरले गेले. भीमपलास एकदा जमला म्हणून कोणी गवई रियाज थांबवत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. राज्याच्या लेखापरीक्षकांच्या 2024 च्या अहवालानुसार, 2017 ते 2019 या काळात ट्रान्स्फरचा इरादा धरून आलेल्यांपैकी चार वर्षांत प्रत्यक्ष ट्रान्स्फर झाले ते पाचांतला सुमारे एक. पूल आहे, पण बहुतेक जण मध्येच कुठेतरी थांबतात. कला शिकणाऱ्याची वाट आणखी अरुंद असते. तीन युनिटांचा व्याख्यानाचा वर्ग आठवड्याला तीन तासांचा, पण तीन युनिटांचा स्टुडिओचा वर्ग साधारण सहा तासांचा असतो. नोकरी करून शिकणाऱ्याला हे तास सहज सापडत नाहीत.

इथवर व्यवस्थेची झडती झाली, आता आपली. आपण ज्या गावांतून आलो तिथे दहावीनंतर हुशार तो सायन्सला, मधला कॉमर्सला आणि उरलेला आर्ट्सला, अशी वाटणी होती. आपल्यापैकी कितीजणांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या रेखाकला परीक्षा दिल्या आणि प्रमाणपत्रे ट्रंकेत ठेवून दिली! कला चालते, पण प्रमाणपत्रापुरती, ही समजूत आपण सामानाबरोबर इथे आणली. सामान्य शिक्षणाच्या यादीचे रकाने आणि आपली ही समजूत यांत फारसा फरक नाही. दोघेही पलीकडच्या काठावर उभे राहून पुलाची किंमत ठरवतात.

माझ्या परिचयातल्या एका घरात सध्या हाच प्रश्न आहे. मुलगी अठराची, तिला मातीकाम आणि कलेचा इतिहास शिकायचा आहे. वडील मला म्हणाले, “अरे, तू डॉक्टरेट केलेला माणूस, तूच तिला समजाव. यातून पुढे मिळणार काय?” ती म्हणाली, “काका, मला जमतंय का एवढंच बघायचंय. बाबांना वाटतं मी आयुष्याचा निकाल लावतेय.” मी तिचा आराखडा पाहिला. मला तो बापाच्या भीतीपेक्षा अधिक हिशेबी वाटला. दोन वर्षे घरी राहून, एका चांगल्या लॅपटॉपच्या किमतीत, आपण काय आहोत हे तपासायचे. नको असलेला विषय मोठ्या विद्यापीठात कर्ज काढून तपासण्यापेक्षा हे शहाणपणाचे नाही का? आणि खात्रीच्या वाटेचे म्हणाल, तर 2022 आणि 2023 साली सॉफ्टवेअर कंपन्यांनी किती माणसे घरी बसवली, हे आपल्या लोकांना सांगायला नको.

मात्र तिला मी तीन गोष्टी बजावल्या, त्या इतरांच्याही उपयोगी पडाव्यात. एक, कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरतात, हे ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत नोंदीत पाहता येते. ते पहिल्याच सत्रात पाहावे, चौथ्या सत्रात नव्हे. दोन, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस अटी पुऱ्या करणाऱ्याला प्रवेशाची हमी देतात. पण बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यांत नाहीत, आणि ही हमी सर्वच विषयांना लागू नसते. तीन, चित्रकला-शिल्पकलेकडे जायचे तर गुणांइतकाच पोर्टफोलिओ लागतो. तेव्हा स्टुडिओचे चार वर्ग जपून, क्रम लावून घ्यावेत आणि पहिल्या दिवसापासून कामाचे फोटो काढून ठेवावेत.

एवढे केल्यावरही ती दोन वर्षांनी अकाउंटिंगकडे वळेल, अशी शक्यता आहेच. तरी ती दोन वर्षे फुकट गेली, असे म्हणता येणार नाही. भिंतीवर टाचलेल्या चित्राकडे पाहून आधी काय दिसते ते सांगायला ती शिकलेली असेल. ट्रान्स्फरच्या आकडेवारीत याची नोंद कुठेच होत नाही, म्हणून आपण आईबापांनी तरी ती करायला हवी. पुढच्या वेळी कोणाच्या मुलाने कम्युनिटी कॉलेजात नाव घातल्याचे कळले, तर ‘नंतर कुठे?’ हे लगेच विचारू नका. ‘या सत्रात काय शिकतोयस?’ असे विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका.